ट्रेलरखालची बारीक ओळ

४ सप्टेंबर २०२५ला ‘होलो नाइट: सिल्कसाँग’ आला. ज्याच्या नावाने साडेसहा वर्षं विनोद चालले होते, तो गेम चक्क विकत मिळायला लागला. त्या क्षणी त्याच्यावर इतकी झुंबड उडाली की स्टीमपासून निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानापर्यंत सगळीकडची पानं आडवी झाली. मीही त्या झुंबडीत होते. पान रिफ्रेश करायचं, एरर बघायची, शिवी घालायची, पुन्हा रिफ्रेश करायचं. अखेर एकदाचे पैसे कटले. डाउनलोडची पट्टी सरकत सरकत टोकाला पोचली. कंट्रोलर हातात होता, चार्ज केलेला होता, संध्याकाळ मोकळी ठेवलेली होती. आणि मी ‘प्ले’ दाबलं नाही. यूट्यूब उघडलं आणि फेब्रुवारी २०१९मधला या गेमचा पहिला ट्रेलर लावला. गेमच्या किड्यांच्या जगातली नायिका हॉर्नेट कुठल्या सुरावर सुई फेकते, कुठे क्षणभर थांबते, शेवटचं नाव कधी उमटतं, सगळं पाठ आहे मला. संपल्यावर तो पुन्हा लावला.

त्या संध्याकाळी मी गेम उघडलाच नाही.

हे नंतर बरेच दिवस टोचत राहिलं. ज्याच्यासाठी एवढा जीव टाकला तो समोर तयार असताना त्याच्या जाहिरातीकडे बघत बसायचं, हे काय होतं? म्हणजे मला गेम हवा होता की गेमची बातमी?

जे खेळत नाहीत त्यांना नव्या गेमच्या घोषणेचा आनंद समजावून सांगणं अवघड असतं. हातात काही आलेलं नसतं, खेळायला काही मिळालेलं नसतं. दीड-दोन मिनिटांची एक फिल्म असते, आणि तीही बहुतेक वेळा तारखेशिवाय. पण तो अनुभव फिल्म बघण्याचा नसतोच. थेट प्रक्षेपण चालू असतं, आधीचा ट्रेलर संपतो, पडदा काळा होतो. कुठल्या तरी कंपनीचा लोगो येतो आणि शेजारी चॅटची रांग एकदम इतक्या वेगाने धावायला लागते की एकही अक्षर वाचता येत नाही. मग एक सूर. पियानोचा असेल, बासरीचा असेल, नुसता वारा असेल. तो ऐकताच डोक्यात आत कुठेतरी कुलूप उघडल्यासारखं होतं. नाव पडद्यावर यायच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं. कळल्यापासून नाव दिसेपर्यंतचे ते तीन-चार सेकंद, माझ्या मते, या सगळ्या छंदातले सर्वांत दाट सेकंद आहेत. २०१७च्या ई-थ्रीमध्ये, म्हणजे गेमच्या वार्षिक मेळ्यात, निन्टेन्डोने ‘मेट्रॉइड प्राइम ४’ची घोषणा केली तेव्हा दाखवायला त्यांच्याकडे खरं तर काहीच नव्हतं. अंधार, थोडा प्रकाश, चारचा आकडा आणि लोगो. तरी लोक खुर्च्यांवरून उठले. दीडेक वर्षाने कंपनीने सांगितलं की झालेलं काम मनासारखं नाही, आता रेट्रो स्टुडिओज बरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतोय. गेम हातात यायला २०२५चा डिसेंबर उजाडला. म्हणजे २०१७मध्ये आम्ही ज्याच्यासाठी उठून उभे राहिलो, तो गेम त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता. टाळ्या त्या आकड्याला होत्या.

जुन्या घोषणांच्या क्लिप मी अधूनमधून बघते. गेम बघायला नाही, लोकांचे आवाज ऐकायला. २००४ची ई-थ्रीची क्लिप घ्या, ‘झेल्डा’च्या त्या गेमची, ज्याला पुढे ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ नाव मिळालं. चित्र इतकं पुसट आहे की घोड्यावर कोण बसलंय ते आधी माहीत नसेल तर ओळखू येणार नाही. पण घोडेस्वार म्हणजे ‘झेल्डा’चा नायक लिंक आहे हे सभागृहाच्या लक्षात येतं तेव्हाची आरोळी अजून ऐकण्यासारखी आहे. माइक तो आवाज पेलू शकत नाही, फाटतो. मग स्वतः ‘झेल्डा’चे जनक मियामोतो तलवार आणि ढाल घेऊन मंचावर येतात आणि मोठमोठी माणसं किंचाळतात. त्या क्लिपमधल्या कोणालाही मी ओळखत नाही. तरी ती लावली की वाटतं, मीपण तिथे होते.

याच आरोळ्यांनी एकदा मला गंडवलंही आहे. २००५मध्ये सोनीने ‘किलझोन’च्या पुढच्या भागाचा ट्रेलर दाखवला. धूर, चिखल, सैनिकांच्या चेहऱ्यावरचा घाम. प्लेस्टेशन ३वर गेम असे दिसणार, असं आम्ही समजलो. ते खेळातलं दृश्य नव्हतं, आधी स्वतंत्र तयार केलेली फिल्म होती. पुढची काही वर्षं लोक त्या ट्रेलरवरून भांडले आणि २००९मध्ये गेम आला तेव्हा तो खरोखर देखणा होता, पण त्याची तुलना झाली ती त्या फिल्मशी. तेव्हापासून माझ्यासारख्यांना एक सवय जडली आहे. ट्रेलर लागला की आधी नजर खालच्या कोपऱ्यात जाते, जिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ‘इन-इंजिन फुटेज’, ‘दृश्यं प्रत्यक्ष खेळातली नाहीत’, ‘बदल होऊ शकतात’. कर्जाच्या कागदावर असावी तेवढी बारीक ओळ. ती वाचायची, मान हलवायची आणि तरीही हुरळून जायचं, असं आमचं शहाणपण.

कन्सोलच्या, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राच्या, घोषणेची गोष्ट निराळी. गेमच्या ट्रेलरमध्ये जग असतं, माणसं असतात, पाऊस असतो. कन्सोल म्हणजे प्लास्टिकचा डबा. त्याच्यासाठी ऊर धडधडावं असं त्यात काय आहे, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारलाय. पण २०१६च्या ऑक्टोबरात निन्टेन्डोने आपल्या नव्या कन्सोलची, स्विचची, तीन-साडेतीन मिनिटांची फिल्म सोडली, त्यातला तो चुटकीसारखा ‘टक’ आवाज आठवून बघा. जॉय-कॉन, म्हणजे बाजूला काढता येणारा कंट्रोलर, सरकून बसतो तो आवाज. त्या फिल्मने फारसं काही सांगितलं नाही, किंमत नाही, आतली चिप नाही, पण तो एक आवाज ऐकून यंत्र हातात धरल्यावर कसं लागेल ते बोटांना कळलं. उलट कधीकधी सगळी घोषणा एका आकड्यात मावते. १९९५ची पहिली ई-थ्री, लॉस एंजलिस. सेगाने ऐनवेळी जाहीर केलं की त्यांचा सॅटर्न कन्सोल आजपासूनच काही दुकानांत मिळतोय, ३९९ डॉलरला. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस भाषणाला उभे राहिले, ‘टू नाइन्टी-नाइन’ एवढंच बोलले आणि जाऊन बसले. प्लेस्टेशनबद्दल त्या दिवशी याहून परिणामकारक काही सांगता आलं नसतं. अकरा वर्षांनी त्याच सोनीने प्लेस्टेशन ३ची किंमत सांगितली, ५९९ डॉलर, आणि तो आकडा पुढे कित्येक वर्षं चेष्टेचा विषय झाला. २०१३ला पुन्हा पारडं फिरलं. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन ४९९ला, शिवाय वापरलेल्या डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधनं. सोनीने ३९९ सांगितले आणि एक छोटा व्हिडिओ काढला: प्लेस्टेशन ४वर मित्राला गेम कसा द्यायचा? एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क ठेवतो. संपला व्हिडिओ. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने ती बंधनं मागे घेतली. तो व्हिडिओ मला आजही कुठल्याही अॅक्शन ट्रेलरपेक्षा जास्त आवडतो. कंपन्यांवर माझं फार प्रेम नाही, पण चपराक नीट बसलेली बघायला मजा येतेच.

स्विच २च्या वेळी, जानेवारी २०२५मध्ये, पहिल्या फिल्ममध्ये दोन जॉय-कॉन पृष्ठभागावर संगणकाच्या माउससारखे सरकताना दिसले आणि उजव्या बाजूला एक कोरं बटण दिसलं ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. झालं. एप्रिलपर्यंत तर्कांना ऊत. कोणी म्हणे हे कॅमेऱ्याचं, कोणी म्हणे कास्टिंगचं. आमच्या गटात एकाने त्या बटणावर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले. एप्रिलच्या कार्यक्रमात कळलं की ते ‘सी’ बटण, मित्रांशी बोलण्याच्या गेमचॅटचं. अच्छा. इतकंच. आणि नव्या मारिओ कार्टची किंमत ८० डॉलरच्या घरात आहे हे कळल्यावर, ज्या चॅटने आदल्या दिवशी हार्टचा पाऊस पाडला होता, त्याच चॅटमध्ये दुसऱ्या दिवशी ‘किंमत कमी करा’ची एकसुरी घोषणाबाजी. तरीही जूनमध्ये पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून जास्त यंत्रं विकली गेली. आमचा राग असाच असतो, रांगेत उभं राहून व्यक्त केलेला.

पण माझा प्रश्न वेगळा होता आणि त्याचं उत्तर शोधताना मला ‘एल्डन रिंग’चा काळ आठवला. जून २०१९मध्ये घोषणा झाली, त्यानंतर दोन वर्षं चिडीचूप. एक ट्रेलर, एक तुटणारी अंगठी, एक हातोडा, आणि मग काही नाही. या दोन वर्षांत रेडिटवरच्या वाट पाहणाऱ्यांनी काय करावं? त्यांनी गेम स्वतःच रचायला घेतला. न आलेल्या गेमचे शत्रू बनवले, त्यांना नावं दिली, त्यांच्या पराक्रमांच्या कथा लिहिल्या, कोणाला कसं हरवायचं याचे सल्ले दिले. अमुक बॉसने, म्हणजे गेममधल्या तगड्या शत्रूने, मला काल रात्रभर रडवलं, अशा तक्रारी लिहिल्या, आणि खाली दहा जणांनी त्याला गंभीरपणे युक्त्या सांगितल्या. बाहेरचा माणूस वाचेल तर त्याला वाटावं की गेम कधीचाच बाजारात आहे. सिल्कसाँगच्या बाबतीतही तेच. एक यूट्यूब चॅनेल जवळजवळ रोज व्हिडिओ टाकून सांगायचं, आज काही बातमी नाही. दर निन्टेन्डो डायरेक्टच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या ऑनलाइन घोषणांच्या कार्यक्रमाच्या, आधी लोक विदूषकाचं तोंड रंगवलेली चित्रं लावायचे, म्हणजे आजही काही येणार नाहीये, आणि आजही आम्ही बसणारच आहोत. मीपण लावलंय तसं चित्र.

या सगळ्यात एक गोष्ट होती जी मला गेम आल्यावरच दिसली. त्या काळात आम्ही सगळे सारखे होतो.

माझी बोटं काही फार चपळ नाहीत. चपळ होती तेव्हाही मी त्यातल्या पोरांच्या पासंगाला पुरणारी नव्हते. अवघड गेममध्ये मी कायम मागे असते. जिथे कोणी तिसऱ्या फेरीत बॉसला लोळवतो तिथे मी आठवडा काढते. पण न आलेल्या गेमसमोर कोण चांगला खेळतो आणि कोण वाईट, याला अर्थच नसतो. ट्रेलरमधली एक फ्रेम थांबवून मागच्या भिंतीवरचं चित्र पहिल्यांदा कोणाला दिसलं, एवढीच चढाओढ. त्यात मी पटाईत आहे. त्यात चौदा वर्षांचा मुलगा आणि चाळिशीतली बाई एका ओळीत बसतात. गेम आला की ही ओळ मोडते. कोण किती तासांत संपवतो याचे आकडे दिसायला लागतात, ट्रॉफ्या दिसायला लागतात, ‘हे तर सोपं होतं’ म्हणणारे येतात. सिल्कसाँगमध्ये तसंच झालं. पहिल्याच आठवड्यात गेम फार कठीण आहे की नाही यावर दोन तट पडले, आणि गेम बनवणाऱ्या टीम चेरीने पहिल्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीत, सुरुवातीचे दोन बॉस थोडे सौम्य केले. जे आदल्या आठवड्यापर्यंत एकत्र तोंड रंगवून बसत होते, ते आता एकमेकांना ‘नीट खेळायला शिका’ म्हणत होते. मी ‘प्ले’ दाबायला का कचरत होते, ते मला तेव्हा थोडंसं उमगलं. थोडंसंच. कारण थकवा होता, भीती होती, उगाच लांबवण्याची हौसही होती. सगळं एका कारणात कोंबायला मी तयार नाही.

आणि या गोड वाट पाहण्याची एक बाजू अशी आहे की ती आठवली की माझा उत्साह जरा वरमतो. मोठ्या कार्यक्रमात दाखवायचा डेमो हा गेमचा सहज कापून घेतलेला तुकडा नसतो. तेवढी पंधरा-वीस मिनिटं चकचकीत करायला अख्खी टीम आठवडेच्या आठवडे मूळ कामापासून दूर होते, आणि त्यातलं बरंचसं पुढे फेकून दिलं जातं. ‘सायबरपंक २०७७’चा पहिला टीझर जानेवारी २०१३चा. २०१९मध्ये हॉलिवूडचे अभिनेते कियानू रीव्हज मंचावर आले, तारीख सांगितली, सभागृह वेडं झालं. तेव्हा मीही घरी एकटीच ओरडले होते. मग तारीख एकदा पुढे गेली, दुसऱ्यांदा गेली. सप्टेंबर २०२०मध्ये स्टुडिओने लोकांना आठवड्याचे सहा दिवस काम करायला लावलं, सक्तीचं जास्तीचं काम टाळू असं आधी सांगितलेलं असताना. गेम तयार झाला असं ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाहीर करून महिन्याच्या शेवटी तारीख तिसऱ्यांदा ढकलली, तेव्हा त्यांच्याकडच्या काही जणांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. वाट पाहणाऱ्यांकडून. म्हणजे आमच्यातल्याच कोणाकडून. डिसेंबरात गेम आला तो जुन्या कन्सोलवर इतका मोडका चालायचा की सोनीने तो दुकानातूनच काढला, आणि सहा महिन्यांनी परत ठेवला. २०२३पर्यंत त्यांनी तो दुरुस्त करत करत खरंच छान केला. पण त्या सहाव्या दिवसांचं काय? माझ्या घरातली ती आरोळी आणि कोणाचा तरी गेलेला शनिवार, यांच्यात काही नातं नाही असं मला म्हणता येत नाही. मी धमकी दिली नाही, हे काही फार मोठं कर्तृत्व नव्हे.

त्या मानाने सिल्कसाँगच्या लोकांनी जे केलं ते मला फार आवडलं. ऑस्ट्रेलियातल्या अॅडिलेडमधली मूठभर माणसं. मूळ गेमच्या क्राउडफंडिंगमध्ये कबूल केलेला एक जोडभाग फुगत फुगत स्वतंत्र गेम झाला, आणि एवढा वेळ का लागला, तर काम करायला मजा येत होती म्हणून, असं त्यांनी शेवटी एका मुलाखतीत सांगितलं. संकट नाही, भांडण नाही. आम्ही इकडे तोंडं रंगवून बसलोय आणि तिकडे ते निवांत नवे किडे काढतायत. मग प्रदर्शनाला फक्त दोन आठवडे असताना तारीख सांगितली, आणि बाकीच्या कित्येक छोट्या गेमवाल्यांनी घाईघाईने आपल्या तारखा हलवल्या.

काहींना वाटतं की घोषणेची पद्धत आता अशीच असावी. जानेवारी २०२३मध्ये ‘हाय-फाय रश’ जाहीर झाला आणि त्याच दिवशी खेळायला मिळाला. धमाल गेम आहे, तालावर मारामारी, रंग कसे रसरशीत. मी तो लगेच खेळले, संपवला, आवडला. पण त्याच्याविषयी माझ्याकडे सांगायला आठवणी अगदी थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्या सगळ्या खेळातल्याच. कोणाशी वाद घातला नाही, कुठली फ्रेम थांबवली नाही. ई-थ्रीही आता नाही. २०२३च्या डिसेंबरात ती कायमची बंद झाली. आता प्रत्येक कंपनी आपापला व्हिडिओ तयार करून सोडते, त्यात सभागृह नसतं, त्यामुळे आरोळी नसते, माइक फाटत नाही. ती आरोळी आता ज्याने त्याने आपापल्या घरी मारायची.

सिल्कसाँग मी पुढे खेळले. हळूहळू, वाट चुकत, मरत, पुन्हा मरत. एका बॉसपाशी इतकी अडकले की गेम बंद करून ठेवला, मग परत उघडला. सुंदर आहे. ट्रेलरमधल्या हॉर्नेटच्या उड्या मला तशा जमत नाहीत, माझी हॉर्नेट भिंतीवर आपटते, पण तिचा ‘हेगाले’ असा काहीसा आवाज ट्रेलरमध्ये कितीदा ऐकला होता, तो माझ्या बटणावर उमटतो तेव्हा बरं वाटतं.

सध्या आमचा गट ‘जीटीए ६’मध्ये आहे. डिसेंबर २०२३मध्ये पहिला ट्रेलर फुटला म्हणून तो गेम बनवणाऱ्या रॉकस्टारला तो ठरल्या वेळेआधीच सोडावा लागला. मग २०२५चं आश्वासन २६ मे २०२६वर गेलं, तिथून १९ नोव्हेंबर २०२६वर. दुसऱ्यांदा तारीख ढकलली त्या दिवशी सगळे करवादले. मीही दोन ओळी रागाच्या लिहिल्या, आणि मनातून मला हायसं वाटलं. त्या सहाव्या दिवसांसाठी थोडं, आणि माझ्यासाठी बरंच. दुसरा ट्रेलर प्लेस्टेशन ५वर टिपलाय आणि त्यात निम्मं खेळातलं, निम्मं कटसीनमधलं, म्हणजे नुसतं बघायच्या प्रसंगातलं, दृश्य आहे, असं कंपनीने सांगितलंय. कुठलं निम्मं, ते सांगितलेलं नाही. त्यातल्या बियरच्या बाटलीवर आमचं भांडण चालू आहे. माझं म्हणणं, ते कटसीन आहे, कॅमेरा इतक्या जवळ खेळताना जात नाही. समोरचा म्हणतो, सावली बघ, सावली. मी सावली बघितली आहे. त्याला म्हटलं, तू आधी तिच्या मागची खिडकी बघ आणि मग बोल.